मोटर बदलण्याआधी पिनियन बदला

रिमोटवर चालणारी, एक-दशांश मापाची, मागच्या चाकांवर पळणारी इलेक्ट्रिक बगी हातात आली की पहिला प्रश्न हमखास हाच: हिला मोटर कोणती टाकू? माझा क्रम वेगळा आहे. आधी बेअरिंग, मग पिनियन (मोटरीच्या शाफ्टवरचा छोटा गिअर), मोटर सगळ्यांत शेवटी.

तामिया कंपनीच्या बऱ्याच साध्या किटांमध्ये बॉल बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे किंवा धातूचे बुश (बिनगोळ्यांच्या साध्या कड्या) येतात. त्यांत धूळ शिरली की ते झिजतात, शाफ्ट डगमगतो, गिअर तिरके घासतात आणि बॅटरीतला करंट नुसता उष्णतेत जातो. ५×११×४ मिमी हे नेहमी लागणारं माप; तरी मॅन्युअलमधली पार्टांची यादी पाहूनच सेट मागवा. मातीत चालवणार असाल तर रबर सीलची बेअरिंग घ्या.

आता गिअरिंग. स्परचे (पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरचे) दाते भागिले पिनियनचे दाते, गुणिले गिअरबॉक्सचा आतला रेशो, म्हणजे एकूण रेशो. टीम असोसिएटेडच्या बी६ बगीमध्ये आतला रेशो २.६ आहे. ७२ दात्यांचा स्पर आणि २० चा पिनियन असेल तर ३.६ × २.६ = ९.३६. त्यावर ३३०० केव्हीची (दर व्होल्टमागे मिनिटाला ३,३०० फेरे) ब्रशलेस, म्हणजे बिनब्रशची मोटर आणि ७.४ व्होल्टची टू-एस लिपो (दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) लावली, तर मोटर बिनभाराची २४,४२० आरपीएमने (मिनिटाला फेरे) फिरेल आणि चाक साधारण २,६०९. टायरचा व्यास ८६ मिमी धरला तर ताशी ४२ किमी निघतात. पिनियन २४ चा केला की रेशो ७.८ वर येतो आणि वेग ५० च्या वर जातो. हे कागदावरचे आकडे आहेत, मैदानात त्याहून कमीच मिळतं. पण वेग वाढवायला नवी मोटरच लागते असं नाही, हे त्यातून दिसतं.

याची किंमत मोटर उष्णतेत मोजते. मोठ्या पिनियनवर ती जास्त करंट ओढते, आणि वाइंडिंगमधली (मोटरीतल्या तारेच्या गुंडाळीतली) उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दीडपट झाला तर उष्णता सव्वादोन पट. म्हणून पिनियन एकेक दाताने वाढवा. पाच मिनिटं पळवा, थांबवल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटर मोटरीच्या कॅनवर (बाहेरच्या धातूच्या कवचावर) धरा. ७५ ते ८० अंश सेल्सिअस आले की तिथेच थांबा. त्याच्या पुढे मॅग्नेट कमजोर पडण्याचा धोका वाढत जातो. जानेवारीत पुण्यात २५ अंशांच्या हवेत ७० वर राहणारी मोटर मे महिन्यात नागपूरच्या ४४ अंशांत ९० च्या आसपास जाईल. उन्हाळ्यात एक-दोन दाते कमी करा. उंच गवतातही तेच, कारण गवत चाकाला सतत अडवतं.

पिनियन बदलताना दोन गोष्टी हमखास चुकतात. ग्रब स्क्रू (पिनियन शाफ्टला धरून ठेवणारा बिनडोक्याचा स्क्रू) शाफ्टच्या सपाट बाजूवर बसला नाही तर पिनियन सरकतो. तिथे निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब पुरे, पण तो प्लास्टिकला लागू देऊ नका, प्लास्टिक तडकतं. दुसरी गोष्ट मेशची, म्हणजे दोन गिअरचे दाते एकमेकांत किती घट्ट बसतात त्याची. पिनियन आणि स्परच्या मध्ये साध्या वहीच्या कागदाची पट्टी घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा आणि चाक फिरवून पट्टी बाहेर काढा. तिच्यावर नागमोडी घड्या दिसाव्यात, ती फाटलेली नसावी. मेश सैल राहिला तर पहिल्याच उडीनंतर स्परचे दाते साफ होतात. घट्ट झाला तर बगी किणकिणते आणि मोटर विनाकारण तापते. मोटरीचे स्क्रू मूळ लांबीचेच वापरा. लांब स्क्रू आत वाइंडिंगला टेकून शॉर्ट करतो.

स्लिपर क्लच (जास्त जोर आला की घसरून गिअर वाचवणारा क्लच) असेल तर नट पूर्ण आवळून एक ते दीड फेरा सैल करा. मागची चाकं धरून थ्रॉटल द्या: पुढची चाकं किंचित उचलली जाऊन मग स्लिपर घसरला की झालं. बॉल डिफ (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल) मात्र स्लिपरच्या आधी घसरता कामा नये.

एवढं करूनही वेग कमी वाटला तरच मोटरीकडे वळा. टर्न (वाइंडिंगचे वेढे) कमी तेवढे आरपीएम जास्त आणि करंटही जास्त. ब्रशवाली ठेवणार असाल तर ईएससीची (मोटरीचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलरची) मर्यादा बघा. हॉबीविंग कंपनीचा क्विकरन १०६० हा ईएससी टू-एसवर १२ टर्न किंवा त्याहून जास्त टर्नच्या मोटरी चालवतो. त्याच्यावरचा बॅटरीचा प्रकार निवडणारा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) लिपोवर आहे ना, हे पहिल्या दिवशीच तपासा. तो एनआयएमएचवर (निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीवर) राहिला तर लिपो खूप खाली उतरेपर्यंत कटऑफ लागत नाही आणि सेल मरतो.

ब्रशलेसमध्ये मी सेन्सरवालीच (रोटर कुठे आहे ते ईएससीला कळवणारी) सुचवेन, कारण सुरुवातीला ती अडखळत नाही आणि हळू वळणांवर थ्रॉटल नेमका देता येतो. १७.५ टर्न शिकण्यासाठी उत्तम, १३.५ पुरेशी वेगवान. सेन्सरच्या मोटरीत ए, बी, सी तारा जशाच्या तशा जोडा. दिशा उलटी हवी असेल तर ती ईएससीत बदला. बिनसेन्सरच्या मोटरीत कुठल्याही दोन तारांची अदलाबदल चालते. ब्रशलेस लावताना तामियाचा पांढरा कनेक्टर काढून एक्सटी६० कनेक्टर सोल्डर करा, जुना तापून वितळतो.

रंगीत ॲल्युमिनियमच्या सस्पेन्शन आर्मवर पैसे घालू नका. प्लास्टिक वाकून परत सरळ होतं. धातू वाकलेलाच राहतो किंवा धक्का पुढच्या पार्टावर ढकलतो. तेच पैसे तेलाच्या डॅम्परवर, मेटल गिअरच्या सर्व्होवर (स्टिअरिंग वळवणाऱ्या मोटरीवर) आणि जमिनीला साजेशा टायरवर लावा. पकड नसेल तर वाढवलेला प्रत्येक आरपीएम माती उडवण्यातच जातो.