गाऊन काढून जा रे!

भाचीचा फोन आला की मावशी, रविवारी माझं कॉन्व्होकेशन आहे, येशील ना? तर खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की आयटीआयचं कुठे कॉन्व्होकेशन असतं? तोंडातून बाहेर पडला नाही हे नशीब. कारण आमच्या पिढीत आयटीआय झालेला जो तो मुलगा आठवतोय, त्याचं सर्टिफिकेट म्हणजे ऑफिसच्या खिडकीतून सही करून घ्यायचा कागद, तोही चार हेलपाटे मारल्यावर. समारंभ वगैरे काही नाही. नंतर शोधलं तेव्हा कळलं की ही पद्धत अगदी ताजी आहे, देशभरातल्या आयटीआयमध्ये पहिला कौशल दीक्षांत समारंभ झाला तो 17 सप्टेंबर 2022 ला, विश्वकर्मा जयंतीचा मुहूर्त धरून. आणि शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना, म्हणजे ज्या योजनेखाली हे सगळे ट्रेड शिकवतात, ती सुरू झाली 1950 ला. म्हणजे बहात्तर वर्षं पोरं फिटर होत होती, टर्नर होत होती, वायरमन होत होती आणि त्यांना कुणी देशभर एका दिवशी स्टेजवर बोलवून हातात कागद द्यावा असं कुणाच्या मनात आलं नाही.

मी स्वतः बीकॉम. पदवीदानाला गेलेच नाही, सुट्टी मिळाली नव्हती. डिग्री पोस्टाने आली, पुठ्ठ्याच्या नळीत, आणि वर्षभर त्या नळीतच होती. त्यामुळे गाऊन घालून काढलेला फोटो माझ्याकडे नाही, आणि तो नाही याचं मला काही वाटत नाही असं मी गेली वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेय.

असो. तालुक्याच्या गावापासून आणखी आत, माळावर, एक लांबलचक पत्र्याची शेड आणि तिच्या बाजूला दोन मजली इमारत, एवढी ती संस्था. हॉल नाहीच. म्हणून वर्कशॉपच रिकामं केलेलं. बाकं भिंतीला सरकवली होती पण त्यांच्यावर बोल्टने बसवलेले वाइस, म्हणजे लोखंड आवळून धरायचे शिकंजे, ते कुठे जाणार, ते तसेच रांगेने, एकेकावर फुगा बांधलेला. लेथ मशिनवर चादरी टाकल्या होत्या. वास मात्र झाकता येत नाही ना, कटिंग ऑइलचा आणि लोखंडाच्या किसाचा तो वास सगळीकडे भरून राहिलेला, वरून अगरबत्ती. ताई माझ्या कानात म्हणाली, हिचे कपडे रोज असेच वास मारतात गं.

पोरं एकशे दहा आणि गाऊन चाळीस. भाड्याने आणलेले, काळे, कडेला पिवळी पट्टी, एकाच मापाचे. तर हे गणित कसं बसवायचं याचा विचार फिटरच्या सरांनी आदल्या दिवशीच करून ठेवला होता आणि मला तो समारंभातला सगळ्यात हुशार भाग वाटला. पहिली चाळीस पोरं गाऊन घालून बसलेली. नाव पुकारलं की पोरगं डावीकडच्या पायऱ्यांनी वर, कागद, हस्तांदोलन, फोटो, उजवीकडच्या पायऱ्यांनी खाली, आणि खाली उतरल्या उतरल्या दोन ज्युनियर पोरं त्याचा गाऊन उतरवून घेणार, टोपी काढणार, आणि पडद्यामागून पळत जाऊन एक्केचाळिसाव्याच्या अंगावर चढवणार. अशी साखळी. कारखान्यात जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, एका मशिनवरून दुसऱ्यावर जातो तसं. सर हातात घड्याळ धरून उभे. एक पोरगं खाली उतरल्यावर आईबरोबर सेल्फी काढायला थांबलं तर सर ओरडले, लाइन थांबली लाइन थांबली! भाची मला नंतर म्हणाली, मावशी माझ्या अंगावर आला तेव्हा गाऊन गरम होता.

सुरुवातीलाच एक घोळ झाला. दीपप्रज्वलन. पंख्याच्या वाऱ्याने वात काही पेटेना, पाहुणे काड्या ओढतायत आणि ओढतायत, तेव्हा कुणीतरी म्हणालं पंखा बंद करा. आणि ज्याने बंद केला त्याने जे बटण सापडलं ते दाबलं असणार, कारण पंखा चालूच राहिला आणि माइक गेला, स्टेजवरचे लाइट गेले. एका क्षणात इलेक्ट्रिशियन ट्रेडची पाच-सहा पोरं ताडकन उभी राहिली, कुणी काही सांगायच्या आधी, आणि बोर्डाकडे निघाली, काळे गाऊन फडफडवत, डोक्यावरचे गोंडे हलवत. आणि त्यांचे सर मागून ओरडले, गाऊन काढून जा रे!

सगळे हसले. मीही हसले. पण नंतर अख्खा कार्यक्रमभर माझ्या डोक्यात तेच एक वाक्य फिरत राहिलं.

कारण शेडच्या भिंतीवर, फ्लेक्सच्या मागून अर्धवट दिसत होते, ते सुरक्षेचे नियम लिहिलेले होते. सैल कपडे घालू नयेत. बाह्या घट्ट असाव्यात. अंगठी, साखळी, ओढणी नको. केस बांधून घ्यावेत. लेथ फिरत असेल आणि सैल बाही चकमध्ये, म्हणजे जॉब पकडून गरगर फिरणाऱ्या भागात, अडकली तर ती बाहीबरोबर हात पण आत घेते, ही काही पुस्तकातली भीती नाही, तिथल्या प्रत्येक सरांकडे त्याची एक गोष्ट असते. एक वर्ष, दोन वर्षं पोरांना रोज सकाळी हेच ऐकवलेलं. आणि ज्या दिवशी ती शिकून बाहेर पडतायत त्या दिवशी त्यांच्या अंगावर काय? ढगळ बाह्यांचा पायघोळ झगा आणि डोळ्यासमोर लोंबणारा गोंडा. वर्कशॉपमध्ये जे जे घालायला बंदी आहे ते सगळं एकत्र शिवून जो कपडा होईल तो म्हणजे गाऊन.

आणि ते बरोबरच आहे म्हणा. हा झगा मुळात युरोपातल्या जुन्या विद्यापीठांमधला, जिथे शिकणारे-शिकवणारे बहुतेक पाद्री, दगडी इमारती गारठलेल्या, म्हणून अंगभर कपडा. हाताने काम करायचंच नाही तर बाही कितीही लांब असली तरी बिघडतं कुठे. तिथून तो इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला, मुंबई विद्यापीठ 1857 चं, लंडनच्या धर्तीवर काढलेलं, 1862 ला तिथून पहिले बीए बाहेर पडले त्यात न्यायमूर्ती रानडे होते, भांडारकर होते. तेव्हापासून काळा झगा म्हणजे शिकलेला माणूस हे समीकरण पक्कं. मध्ये 2010 मध्ये भोपाळला वनव्यवस्थापनाच्या संस्थेच्या पदवीदानात जयराम रमेश यांनी, तेव्हा ते केंद्रात मंत्री होते, गाऊन स्टेजवरच उतरवून टाकला होता, ही गुलामीची खूण कशाला म्हणून. पेपरात मोठी बातमी होती. मला तेव्हा ते फार पटलं होतं. त्या शेडमध्ये बसून तेवढं पटलं नाही. ज्याच्या घरात तो झगा तीन पिढ्या येऊन गेलाय त्याने तो उतरवणं वेगळं, आणि ज्याच्या घरात तो पहिल्यांदाच येतोय, तोही भाड्याने, तोही चार मिनिटांसाठी, त्याला आपण सांगायचं की अरे हे तर परकीय आहे, हे मला तरी जमलं नसतं.

टोपीचं तर आणखी गमतीचं आहे. त्या चौकोनी टोपीला इंग्रजीत मॉर्टरबोर्ड म्हणतात. मॉर्टर म्हणजे गवंडी ज्याला माल म्हणतात तो, आणि बोर्ड म्हणजे ती चौकोनी फळी, खाली मूठ असलेली, जिच्यावर माल घेऊन गवंडी भिंतीशी उभा राहतो. टोपी तशी दिसते म्हणून तिला ते नाव पडलं. म्हणजे जगभरचे पंडित डोक्यावर गवंड्याचं हत्यार घेऊन फोटो काढतात आणि त्यांना पत्ता नसतो. त्या शेडमध्ये बसलेल्या मेसनच्या ट्रेडच्या पोरांना हे सांगावं असं मला फार वाटत होतं पण पाहुण्यांचं भाषण चालू होतं. ते बराच वेळ चालू होतं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

शब्दांचं पण बघा ना. पत्रिकेवर आधी पदवीदान छापलं होतं म्हणे, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पदवी नाहीये ही, हे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, मग खोडून दीक्षांत. मला पदवीदान हा शब्द तसाही आवडत नाही, दान कसलं, फी भरलीय, रोज एसटीने येऊन-जाऊन हजेरी भरलीय, हाताला फोड आलेत. त्यापेक्षा आपला जुना शब्द चांगला होता, सोडमुंज. सोडलं बाबा तुला, जा. संस्कृतात समावर्तन, म्हणजे शिकून घरी परत फिरणं. जर्मनीत सुतार-लोहाराच्या हाताखाली शिकलेल्या पोरांचा जो समारंभ होतो त्याचं नावच फ्रायश्प्रेखुंग, सगळ्यांसमोर बोलून मोकळं करणं, आता तू उमेदवार नाहीस, कारागीर आहेस. हे आणि सोडमुंज सख्खे भाऊ वाटतात मला. कॅनडात इंजिनियर झालेल्यांना लोखंडाची अंगठी देतात, 1925 पासून, करंगळीत घालायची, ती पण ज्या हाताने काम करता त्या हाताच्या, म्हणजे रेघ ओढताना ती कागदाला घासत राहील आणि आठवण देत राहील. कल्पना सुंदर आहे पण ती टेबलावर बसून ड्रॉइंग काढणाऱ्यांची. वेल्डिंग शिकणाऱ्या पोरीला अंगठी दिली तर तिचे सर तिथल्या तिथे काढून ठेवायला लावतील.

हां तर वेल्डिंगवाली पोरगी, म्हणजे आमची भाची. ताईचा आधी कडाडून विरोध होता. मुलगी आणि वेल्डिंग? डोळे जातील. आणि पहिल्याच महिन्यात एकदा हिने काच न लावता शेजारच्याच्या आर्ककडे, म्हणजे वेल्डिंगच्या लखलखाटाकडे, बघितलं आणि रात्री डोळ्यात वाळू टाकल्यासारखं व्हायला लागलं, रात्रभर ताई ओल्या कपड्याच्या घड्या ठेवत बसली आणि सकाळी म्हणाली, बास, कॉम्प्युटरला टाकू. ही गेली नाही. बॅचमध्ये तिघीच मुली होत्या. दिवाळीत आमच्याकडे आली तेव्हा आमच्या गॅलरीच्या ग्रिलकडे बघून म्हणाली, मावशी, हे कुणी केलंय, सगळीकडे स्लॅग तसाच आहे, वेल्डिंगवर जमलेला थर ठोकून काढलाच नाही, नुसता रंग मारलाय वरून. मी बारा वर्षं त्या ग्रिलवर कपडे वाळत घालतेय. आता रोज तो स्लॅग दिसतो.

तिचं नाव पुकारलं. ताईने माझा हात धरला, घट्ट. भाची वर गेली, गाऊन पायात येत होता, टोपी वेणीमुळे बसत नव्हती म्हणून चार पिना लावलेल्या. पाहुण्यांसमोर उभी राहिली, एका हातात कागदाची गुंडाळी, दुसरा हात हस्तांदोलनात अडकलेला, आणि फोटोवाला म्हणाला इकडे बघा. आणि तेवढ्यात तिने मानेला एक झटका दिला. छोटासा, खाली. टोपी पिनांसकट सरकून थेट नाकावर आली. पाहुण्यांना कळेना काय झालं. पण वेल्डरच्या रांगेतून जो हशा उठला तो थांबेचना. मला नंतर कळलं की वेल्डरचे दोन्ही हात गुंतलेले असतात, एकात होल्डर, एकात जॉब, त्यामुळे आर्क मारायच्या क्षणी डोक्यावर वर केलेलं हेल्मेट खाली पाडायला मानेला झटका देतात. वर्षभरात ते अंगात मुरतं. दोन्ही हात गुंतले आणि समोर काहीतरी चमकलं की मान आपोआप. फोटो तसाच आलाय, नाकापर्यंत टोपी, खाली फक्त हसणारं तोंड. तोच फ्रेम करायचा ठरलाय. ताई आधी नको म्हणत होती.

गुंडाळी उघडली तर आत कोरा कागद होता. खरं प्रमाणपत्र ऑनलाइन येतं, त्यावर क्यूआर कोड असतो, कुठूनही प्रिंट काढा. ही गुंडाळी नुसती फोटोपुरती, लाल रिबीन लावलेली. ताईने तरी ती पिशवीत नीट ठेवली.

पाच वाजले, पाहुणे गेले, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली आणि फिटरचे सर गाऊन मोजायला बसले. चाळीस. टोप्या मोजल्या. एकोणचाळीस. परत मोजल्या. एकोणचाळीस. मग माइकवरून सूचना, टोपी कुणाकडे राहिली असेल तर आणून द्या, भाड्याची आहे. पोरांनी लेथवरच्या चादरी उचलून बघितल्या, बाकांखाली बघितलं, वाइसवरचे फुगे बाजूला करून बघितलं. एकाने तर कचऱ्याचा डबा पालथा केला, त्यातून लोखंडाचा कीस सांडला, तो झाडायला दुसरा धावला.

तेव्हा ताई माझ्याकडे सरकली आणि हळूच म्हणाली, अगं, ती परत द्यायची असते का? मला वाटलं सर्टिफिकेटबरोबरच मिळते.

पिशवीत, गुंडाळीच्या खाली, स्वच्छ पंचात गुंडाळून ठेवलेली. भाचीने कपाळाला हात लावला. ताईने पंचा सोडला, चुरगळलेला गोंडा बोटांनी सरळ केला, एकदा फुंकर मारली आणि स्वतः जाऊन सरांच्या हातात दिली. सर म्हणाले, चाळीस, आणि ढिगावर सगळ्यात वर ठेवली.