समुपदेशनाचं मास्टर्स: मान्यता विद्यापीठाला की कोर्सला?

अमेरिकेत समुपदेशन शिकायला निघालेली मुलं रँकिंग बघतात, फी बघतात, शहर बघतात. कोर्सला केक्रेपची मान्यता आहे का, हा प्रश्न प्रवेश झाल्यावर सुचला तर उपयोग नाही.

केक्रेप म्हणजे कौन्सिल फॉर अ‍ॅक्रेडिटेशन ऑफ काउन्सेलिंग अँड रिलेटेड एज्युकेशनल प्रोग्रॅम्स, समुपदेशनाच्या कोर्सना मान्यता देणारी अमेरिकेतली संस्था, स्थापना १९८१. आपल्याकडे नॅक अख्ख्या कॉलेजचं मूल्यांकन करतं आणि एनबीए इंजिनिअरिंगच्या एकेका शाखेला मान्यता देतं. केक्रेपचं काम एनबीएच्या जातीचं. म्हणून एकाच विभागात स्कूल काउन्सेलिंग मान्यताप्राप्त आणि क्लिनिकल मेंटल हेल्थ काउन्सेलिंग बिनमान्यतेचं, असंही असू शकतं. केक्रेपच्या यादीत शाखेचं नाव आणि मुदत दोन्ही वाचा. पूर्ण मान्यता आठ वर्षांची असते. ‘अर्ज केला आहे’ असं कोर्सच्या पानावर लिहिलं असेल तर मान्यता अजून मिळालेली नाही. समुपदेशक म्हणून काम करायला लागणाऱ्या लायसन्सचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. ओहायोसारखी राज्यं केक्रेपचीच पदवी मागतात. त्यामुळे आधी राज्य ठरवा, मग कोर्स.

आठ मूलभूत विषय, किमान ६० सेमिस्टर क्रेडिट, हे सगळीकडे सारखंच. कोर्सचा कस लागतो तो प्रत्यक्ष कामात.

प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा पहिला सराव, किमान १०० तासांचं, त्यातले ४० तास क्लायंटसोबत. मग इंटर्नशिप ६०० तासांची, त्यातले २४० तास क्लायंटसोबत. या काळात दर आठवड्याला सरासरी एक तास वैयक्तिक किंवा दोघा विद्यार्थ्यांना मिळून सुपरव्हिजन (अनुभवी समुपदेशकाचं मार्गदर्शन), आणि शिवाय दीड तास गटात. सगळं बिघडतं ते बहुधा त्या २४० तासांत. क्लायंट आलाच नाही तर तो तास थेट कामात धरता येत नाही. नोंदी लिहिणं, मीटिंग, फोनवर वेळ ठरवणं हे सगळं उरलेल्या ३६० तासांत जातं. ठरलेल्या क्लायंटपैकी थोडे जरी गैरहजर राहिले तरी सेमिस्टरच्या शेवटी पंचवीस-तीस तास कमी पडतात, आणि इंटर्नशिप पुढच्या सेमिस्टरमध्ये ढकलावी लागते. म्हणून इंटर्नशिपची जागा घेताना ‘आठवड्याला किती क्लायंट मिळतील?’ हे आधी विचारा. सुपरव्हिजनसाठी क्लायंटसोबतच्या सत्राचं रेकॉर्डिंग किंवा प्रत्यक्ष निरीक्षण लागतं. काही शाळा आणि रुग्णालयं रेकॉर्डिंगला परवानगी देत नाहीत. तिथे निरीक्षण कोण आणि कधी करणार, हे रुजू होण्याआधी लेखी घ्या.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्यांनी आणखी एक हिशेब करायला हवा. बाहेरच्या संस्थेतल्या इंटर्नशिपला सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या कामाची परवानगी, लागते, आणि ती हातात येण्याआधी एक दिवसही काम करायचं नाही. ६०० तास १५ आठवड्यांच्या दोन सेमिस्टरमध्ये विभागले की आठवड्याला बरोबर २० तास होतात. वीसपर्यंत अर्धवेळ, त्यापुढे पूर्णवेळ सीपीटी. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाली की त्या पातळीवरची ओपीटी, म्हणजे पदवीनंतर अमेरिकेत काम करायची परवानगी, गेली. तास मागे पडले म्हणून ‘भरून काढू’ म्हणत २८-३० तास करायला लागलात तर हे गणित बदलतं. आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा.

दर वर्षी किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती टक्क्यांनी पदवी पूर्ण केली, लायसन्स परीक्षेत किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, हे आकडे कोर्सला जाहीर करावेच लागतात. टक्केवारीसोबत संख्याही बघा. चार जणांतले चार म्हणजेही शंभर टक्के. अर्धवेळवाल्यांना पूर्ण वेळाच्या हिशेबात मोजलं तर एका प्राध्यापकामागे विद्यार्थी बारापेक्षा जास्त नसावेत, असा दंडक आहे. प्रवेश वाढले आणि पदं रिकामी राहिली की सुपरव्हिजनचा तास सगळ्यात आधी आखडतो, तेव्हा सध्याच्या विद्यार्थ्यांना हेच विचारा.

भारतात परत यायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते, आणि केवळ केक्रेपची पदवी आहे म्हणून ती मिळत नाही.