आमची वाटचाल : टरेटच्या पोटातला ‘श्री’

प्लास्टिकचे रणगाडे जोडून पोट भरतं का, असं मला अजूनही लोक विचारतात. भरतं. माझ्याकडच्या दोन कारागिरांचंही भरतं. मध्ये दोनेक वर्षं भरत नव्हतं, पण त्यात रणगाड्यांचा दोष नव्हता. दोष एका माणसाचा होता. त्याचं नाव इथे घेत नाही. आमच्या लायनीतले ओळखतीलच.

सुरुवात १९९६ची, बाल्कनीतली. मी आणि मामेभाऊ भागीदार. बाहेरून किट (जोडायच्या सुट्या भागांचा खोका) मागवायची ऐपत नव्हती, म्हणून बुधवार-रविवारी पुण्यातला जुना बाजार पालथा घालायचो. कुणाच्या मुलाने अर्धवट जोडून सोडलेलं, खोका चेपलेला, डेकल (गाडीवर चिकटवायची चिन्हं नि आकडे) पिवळे पडलेले, असलं काहीबाही मिळायचं. जुन्या किटला नाक मुरडू नका. डेकलचा कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, ऊन लागू द्या, पिवळेपणा बराचसा निघतो. रबरी साखळ्या मात्र घरी आल्या आल्या वेगळ्या पिशवीत टाका. जुन्या व्हायनिलमधलं तेलकट रसायन चाकांचं प्लास्टिक खातं. खोका न उघडता जपून ठेवलेलं किट, आणि आत चाकं वितळून साखळीला चिकटलेली, असं खूप पाहिलंय.

हत्यारं बोहरी आळीतली. बारीक कानशी, सोनाराचा चिमटा, बोटांत फिरवायचं हातड्रिल. त्यात दातांच्या डॉक्टरांनी टाकून दिलेल्या, दात टोकरायच्या आकड्यांची भर पडली; पुट्टी भरायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. रंग फवारायला हवेचा कॉम्प्रेसर भंगारातल्या फ्रिजचा. तो आजही चालतो आणि शेजारणीची झोप मोडत नाही, हे महागड्या कॉम्प्रेसरला जमत नाही. पुढे पाणी अडवणारी बाटली हवीच. पुण्यात आषाढात लॅकर मारलं की पांढरं पडतं, मग नशिबाला बोल लावत बसू नये.

मामेभाऊ पुढे मस्कतला गेला. भांडण नव्हतं, तिथे पगार बरा होता. रंग फवारायचा एअरब्रश तेवढा घेऊन गेला.

आमचं खरं बस्तान बसवलं ते कर्नलसाहेबांनी. निवृत्त होऊन पुण्यात राहिलेले, सारी उमेद सेंच्युरियन रणगाड्यावर घालवलेले. मुलाने विलायतेहून पाठवलेलं तामिया या जपानी कंपनीचं १:३५ सेंच्युरियन मार्क ३ काखोटीला मारून आले. म्हणाले, “ह्या खोक्यात आहे तो इंग्रजांचा. मला आपला पाहिजे.”

त्या एका वाक्यावर आमचा धंदा उभा आहे.

किटमधली गाडी कोरियाच्या युद्धाच्या वेळची. १९७१च्या युद्धात शकरगड भागातल्या बसंतरच्या लढाईत आपल्या पूना हॉर्स रेजिमेंटकडे होत्या त्या नंतरच्या मार्कच्या, म्हणजे सुधारित. त्यांच्या तोफेच्या नळीवर धूर ओढून घेणारं जाड नळकांडं असतं, किटची नळी सपाट. ती कापली आणि भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून पितळेची करून घेतली. तो आधी हसला, मग तीनदा करून दिली. किट मूळचं मोटरवर पळणारं, त्यामुळे तळाला स्विचची नि स्क्रूची भोकं. ती पत्रा-प्लास्टिकने बुजवून, पुट्टी भरून, चारशे ते हजार नंबरच्या पाणपेपरने घोटायची. (१:३५ हे मापही असंच आलेलं आहे. तामियाने १९६१मध्ये पँथर रणगाडा काढला तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या बसतील एवढी बॉडी केली, मग मोजून पाहिलं तर पस्तीसावा हिस्सा निघाला. सगळं जग आज त्या बॅटरीच्या मापाने रणगाडे करतंय!)

टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, तर आम्ही जीव टाकला. खऱ्या गाडीचं टरेट ओतीव, वरचं छत वेल्ड केलेलं. किटच्या भिंती साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. प्लास्टिक विरघळवणारा गोंद, आमच्या भाषेत पातळ सिमेंट, फासून, ते मऊ असतानाच आखूड कापलेल्या टूथब्रशने टोचत गेलं की ओतीव लोखंडाचा खरखरीतपणा येतो. जास्त टोचलं तर देवीचे व्रण दिसतात. छताच्या कडेने वेल्डची रेघ मेणबत्तीवर ताणलेल्या स्प्रूच्या (किटचे भाग ज्या काड्यांना लागून येतात त्या) तारेने काढली. तोफेच्या मुळाशी असलेल्या मॅंटलेटवरचं कॅनव्हास टिश्यू पेपरचं, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवलेलं. सुकायच्या आत चिमट्याने चुण्या पाडायच्या, सुकल्यावर त्याला हात लावायचा नाही. आणि टरेट बंद करण्याआधी आतून, तळाला, सुईने बारीक ‘श्री’ कोरायचा. हे सुरुवातीपासून. गिऱ्हाइकाला दिसत नाही, सांगतही नाही.

साहेब मला नगरला घेऊन गेले. १९९४पासून तिथे रणगाड्यांचं संग्रहालय आहे. पूना हॉर्सच्या अरुण खेत्रपालांची सेंच्युरियन ‘फामागुस्ता’ही नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपलेली आहे. खेत्रपालांचा जन्म पुण्याचा, हे पुण्यात किती जणांना माहीत असतं कोण जाणे. एकविसाव्या वर्षी, १६ डिसेंबर १९७१ला, जळत्या गाडीतून बाहेर न पडता लढले. परमवीर चक्र. संग्रहालयातल्या सेंच्युरियनपाशी साहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग सस्पेन्शनपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, “चिखल इथे साचतो, लिहून घे. आणि तांबडा नको. शकरगडची माती पिवळट राखी.” तेव्हापासून आमच्याकडे मातीच्या बरण्या वेगवेगळ्या आहेत. लोकांना तांबडा चिखल आवडतो, फोटोत उठून दिसतो. आम्ही देत नाही.

पुढची दहा-बारा वर्षं काम नीट चाललं. साहेबांनी आपल्या जुन्या सोबत्यांची गिऱ्हाइकं आणून दिली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

२०१२ला एका ठिकाणाहून एकदम पंधरा सेंच्युरियनची विचारणा आली, स्मृतिचिन्हं म्हणून. तोंडी होकार मिळाला. मी किटं उधारीवर उचलली, पितळेच्या नळ्या करून घेतल्या. आणि ऑर्डर दुसरीकडे गेली. आमच्या तिसऱ्या हिश्श्यात! तिसऱ्या हिश्श्यात नुसतं किटही येत नाही हो.

उलगडा साहेबांनीच केला. त्या पंधरातली एक गाडी त्यांना भेट मिळाली होती. ती घेऊन आले नि टेबलावर ठेवली. टिश्यूच्या त्याच चुण्या. छताच्या डाव्या कोपऱ्यात वेल्डची रेघ जिथे आमची जरा जाड झाली होती, तिथेच जाड. मी टरेट उपटून उलटं केलं. आत रेझिनचे, म्हणजे साच्यात ओतायच्या पातळ प्लास्टिकचे, बुडबुडे आणि मधोमध, अंगावर पाणी पडल्यासारखा पुसट, ‘श्री’. भल्या गृहस्थाने मधल्या माणसाकरवी आमची एक गाडी विकत घेतली होती, सुटी करून सिलिकॉनचा साचा काढला होता, आणि माझ्या देवाचीही पंधरा पिल्लं काढली होती.

भेटायला गेलो. म्हणाला, “रणगाडा काय तुम्ही शोधून काढलाय का?” वकिलाने खर्च सांगितला तेव्हा तो नाद सोडला. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, एक कारागीर गेला. त्या पंधरा नळ्या कपाटात होत्या, रोज दिसायच्या.

साहेब दर महिन्याला यायचे. एकदा न विचारता वर्षभराच्या कामाचा आगाऊ चेक ठेवून गेले. म्हणाले, “व्याज म्हणून चिखल नीट लाव.”

मग उन्हाळा आला. रेझिनची लांब नळी काचेच्या पेटीत, खिडकीशेजारी, एप्रिल-मे काढत नाही. एकेक गाडी मान टाकायला लागली. ज्यांनी ऑर्डर दिली होती तेच फोन करून विचारू लागले, काही करता येईल का. करता आलं. पंधरापैकी अकरा गाड्या आमच्याकडे आल्या आणि पितळेच्या नळ्या कपाटातून बाहेर निघाल्या. पाटल्या सुटल्या.

नवीन मुलांना सांगतो: तोंडी होकारावर किट उचलू नका, एअरब्रश भागीदाराच्या नावावर घेऊ नका, आणि कोरलेली खूण कुठे आहे हे कुणाला सांगू नका. आमची आता दुसरीकडे असते.

तो गृहस्थ हल्ली मोबाइलची कव्हरं विकतो असं ऐकतो. बरं चाललंय म्हणे.

दिवाळीपर्यंतची कामं भरली आहेत. निम्मा ॲडव्हान्स. दुसऱ्याने केलेल्या रेझिनच्या गाड्या दुरुस्तीला घेतो, त्याचा दर वेगळा आहे.