पाच गेला कुठे?

"काकू, पण पाच पलीकडे जाताना वजा का होतो?"

तीन एक्स अधिक पाच बरोबर वीस. शेजारच्या आठवीतल्या पोरीने उत्तर कधीच काढलं होतं. मी म्हटलं, नियमच आहे, बाजू बदलली की चिन्ह बदलतं.

"हो, पण का?"

पटकन सांगता येईना. शेवटी कागदावर तराजू काढला. दोन्ही पारड्यांतून पाच-पाच उचलले. एकीकडे तीन एक्स, दुसरीकडे पंधरा. ती बघत राहिली.

"म्हणजे पाच कुठे गेलाच नाही! आपण दोन्हीकडून काढला."

गेलाच नाही. आणि मी इतकी वर्षं त्याला बरोबरच्या चिन्हावरून उड्या मारायला लावतेय. मलाही तसंच शिकवलं होतं, दुसरं काय!

मग जरा खूश होऊन सांगितलं की १२व्या शतकात भास्कराचार्य अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणायचे, म्हणजे जेवढी असेल तेवढी. आणखी अज्ञात आल्या की कालक, नीलक, पीतक. चक्क रंग!

"एक्सपेक्षा हे बरंय," म्हणाली, आणि पुढचं गणित निळ्या पेनाने 'नी' लिहून सोडवलं. शाळेत मार्क कापले तर माझ्या नावाने बोंब.

तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, पाच जातो कुठे ते?