मे महिन्यातलं गुहागर: तिथी बघून चालायचं

साताऱ्यात पारा चाळिशीला टेकला की आम्ही उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरतो आणि चिपळूणवरून गुहागर गाठतो. चार-साडेचार तासांचा रस्ता. तिथे पारा आपल्यापेक्षा खाली असतो खरा, पण हवा दमट. आपल्याकडे घाम उडून जातो आणि अंग निवतं. तिथे तो अंगावरच साचतो. साताऱ्याच्या सवयीने दहा-अकराला चालायला निघालेला माणूस तासाभरात गळून जातो तो यामुळेच. वेळ साधली तरच गारवा.

वेळ काढायला घरातलं पंचांग पुरतं. तिथीच्या आकड्याला ३ ने गुणून ४ ने भागायचं, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पौर्णिमेला आणि अमावस्येला १५ धरायचे: भरती साधारण सव्वाअकराला. त्याच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास. म्हणून आम्ही अमावस्या-पौर्णिमा किंवा त्यापुढचे दोन दिवस धरतो. उजाडताना समुद्र लांब गेलेला असतो, ओली पुळण घट्ट असते, पाय रुतत नाही. अष्टमीला गेलात तर सकाळी सहालाच भरती. चालायला उरतो फक्त वरचा भुसभुशीत पट्टा, आणि दोन किलोमीटरांतच पोटऱ्या भरून येतात.

किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सूर्य वर आला तरी सुरूच्या झाडांची लांब सावली बराच वेळ वाळूवर पडलेली असते. तिच्या कडेकडेने असगोलीच्या दिशेला चालत राहायचं. साडेआठला परत फिरायचं, नऊनंतर किनाऱ्यावर थांबायचं नाही. बूट-मोजे नकोत, वाळू शिरून फोड येतात. पट्ट्यांच्या सँडल बऱ्या. जीन्स तर अजिबात नको. घामाने ओली झाली की वाळत नाही आणि मांड्या सोलवटतात.

भरतीच्या वेळी गाडीने हेदवीला जावं. तिथल्या खडकातल्या अरुंद घळीत, बामणघळीत, लाट घुसून उंच उसळते. बघायचं ते लांबून. शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही आणि पुढची लाट किती मोठी येईल याचा भरवसा नसतो. दुपार वाडीत, नारळी-पोफळीखाली काढावी. तोवर समुद्राकडून वारा सुटलेला असतो.

साडेचारनंतर अंजनवेलचा गोपाळगड. खंदक बघून तटाच्या कडेने फिरायचं, मग टाळकेश्वराच्या देवळाकडे आणि दीपगृहाकडे. इथला सडा, म्हणजे माथ्यावरचं कातळाचं पठार, नुसता उघडा जांभा. दिवसभर तापलेला दगड संध्याकाळीही खालून झळा मारतो, झाड क्वचितच. समुद्राकडच्या अंगाने चालावं, डोंगराच्या आडोशाला वारा लागत नाही. माणशी किमान दोन लिटर पाणी हवंच, आणि नुसतं पाणी नव्हे, घामातून मीठही जातं. मीठ घातलेलं कोकम सरबत उत्तम. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा. अर्ध्या बाटलीत रिकामी केली तर द्रावण जास्त खारट होऊन उलटी होते. कुणाचं डोकं ठणकायला लागलं किंवा मळमळलं, तर लगेच सावलीत बसवून मानेवर ओला पंचा ठेवा आणि त्या दिवशीचं चालणं तिथेच थांबवा.