लॉगबुकात नावं नव्हती म्हणून

समुपदेशनाच्या डिप्लोम्याचं सर्टिफिकेट हातात येऊन वर्ष होत आलं, तरी त्या ऑफिसचा जिना आठवला की अजून डोकं तापतं. समुपदेशनाकडे वळू पाहणाऱ्या ओळखीतल्या दोघी-तिघींनी अलीकडे विचारलं, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

अभ्यासाचं फार सांगण्यासारखं नाही. बँकेतली नोकरी सोडली, मानसशास्त्रात एम.ए. केलं, मग इथे बडोद्यातच एका संस्थेचा समुपदेशनाचा डिप्लोमा. परीक्षा बऱ्या गेल्या. डिप्लोम्यासाठी सुपरवायझरच्या देखरेखीखाली १२० तास प्रत्यक्ष काम करायचं होतं. रावपुऱ्याजवळच्या एका ट्रस्टच्या केंद्रात ते सात महिन्यांत पूर्ण झाले. प्रत्येक सत्राची नोंद लॉगबुकात, आणि क्लायंटच्या नावाऐवजी खूण: ब-१, ब-२, ब-३. आमच्या सुपरवायझर मॅडमनी पहिल्याच दिवशी तसं बजावलं होतं. खरी नावं एका वेगळ्या वहीत, ती वही केंद्राच्या कपाटात, आणि किल्ली मॅडमकडे.

जूनमध्ये लॉगबुक संस्थेच्या ऑफिसात जमा केलं. आठ दिवसांनी फोन आला, "बेन, नाम वगर नहीं चाले." प्रत्येक क्लायंटचं पूर्ण नाव, मोबाइल नंबर आणि सही हवी. का, तर व्हेरिफिकेशन. खोटे तास भरणारे असतात, म्हणून ते फोन करून खात्री करून घेतात. खोटे तास भरणारे असतातही, ते मला मान्य आहे. पण खात्री करायची तर सुपरवायझरला विचारा ना! जी बाई नवऱ्याला न सांगता, भाजीला जाते म्हणून घरातून निघून माझ्याकडे येते, तिला फोन करणार?

मी गेले, समजावून सांगितलं. खिडकीवरच्या भाईंनी ऐकून घेतलं आणि साहेबांना भेटा म्हणाले. साहेब रजेवर. पुढच्या खेपेला साहेब होते, त्यांनी फॉर्म पुढे सरकवला: "सगळे देतात, तुम्हालाच काय अडचण?" तिसऱ्या खेपेला फाइल दुसऱ्या टेबलावर गेली होती. चौथ्या खेपेला, "नवरात्रीनंतर या." नऊ दिवस शहर गरब्यात असतं, त्यामुळे त्याला माझी ना नाही. पण नवरात्रीनंतर दिवाळी आली आणि मी जूनपासून तिथेच उभी होते.

या मधल्या काळात जे झालं ते मी विसरणार नाही. माझ्याबरोबरच्या एकीने कंटाळून नावं आणि नंबर भरून दिले. तिला दोष देत नाही, तिला नोकरीसाठी सर्टिफिकेट तातडीने हवं होतं. ऑफिसातून खरोखरच फोन गेला, आणि तो उचलला क्लायंटच्या सासूबाईंनी. "तुमच्या घरच्या अमुकबेन कौन्सेलिंगला येत होत्या ना?" एवढंच विचारलं म्हणे, आणि ठेवला. ती बाई पुन्हा कधी आली नाही. सात सत्रं झाली होती. आठव्या सत्राला मैत्रीण तासभर रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिली आणि तिथूनच तिने मला फोन केला. बराच वेळ नुसती रडत होती.

त्यानंतर मी तोंडी बोलणं बंद केलं. मॅडमबरोबर बसून दीड पानी अर्ज लिहिला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, कलम २३: मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आरोग्याची आणि उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे. माझ्याकडे येणारे सगळेच काही आजारी नसतात, पण आजारी माणसाला जो हक्क आहे तो नवऱ्याशी पटत नाही म्हणून आलेल्या बाईला का नसावा, हेही त्यात लिहिलं. सोबत मॅडमचं पत्र: सर्व नोंदी मी स्वतः तपासल्या आहेत, तासांची जबाबदारी माझी, शंका असल्यास मला विचारा. अर्जाच्या दोन प्रती नेल्या आणि आपल्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का, नंबर, तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलले नाही. बाराव्या दिवशी सर्टिफिकेट तयार होतं. हे जूनमध्येच करायला हवं होतं. तुम्ही पहिल्या खेपेलाच करा.

एक सांगायचं राहिलं. डिप्लोम्याने कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्याला वेगळं शिक्षण आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते. पाटीवर 'समुपदेशक' एवढंच लिहा.

आता विश्वासाबद्दल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मांडलेल्या, समुपदेशन लागू पडण्याच्या अटी, म्हणजे सहानुभाव, खरेपणा, बिनशर्त स्वीकार, मी परीक्षेत पानभर लिहिल्या होत्या. त्या खऱ्याच आहेत. पण बडोद्यातल्या मराठी घरातली बाई समोर बसली की आधी विचारते, "तुम्ही कोणाच्या?" माहेर कुठलं, सासर कुठलं, दांडिया बाजारातल्या अमक्यांच्या तुम्ही कोण? मला पूर्वी याचा राग यायचा. मग कळलं, आपलं बोलणं कुठवर पोचू शकतं याचा ती अंदाज घेत असते. इथली मराठी वस्ती गायकवाडांच्या काळापासूनची, प्रत्येक जण कुठून ना कुठून नात्यात निघतो. म्हणून ओळखीच्या घरातलं कोणी असलं तर मी पहिल्याच भेटीत सांगते आणि दुसऱ्या समुपदेशकाचं नाव सुचवते.

गुप्ततेला अपवाद कुठे, तेही पहिल्याच भेटीत सांगायचं. जिवाला धोका दिसला, तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या, तर मी गप्प बसणार नाही. हे ऐकून लोक दूर जातील असं मला वाटायचं. कोणी गेलं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही तेव्हाच लिहून देते, रात्री दोन वाजता मी फोन उचलेनच असं नाही.

आणि बाहेर भेट झाली तर? ब-४ मला खंडेराव मार्केटमध्ये दिसली, जाऊबाई बरोबर होत्या. आमचं ठरलेलं होतं, मी आधी ओळख दाखवणार नाही. मी मेथीची जुडी उलटसुलट करत राहिले, ती शेजारून गेली, तिचा पदर माझ्या पिशवीला घासला. चार भेटींत ती फक्त मुलाच्या अभ्यासाबद्दल बोलली होती. त्या गुरुवारी येऊन बसली, पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला आणि म्हणाली, "मुलाचं काही नाही हो ताई, माझंच आहे." आणि सांगायला लागली.

सध्या आठवड्यातून तीन दिवस दुपारी दांडिया बाजारात एका खोलीत बसते. केंद्रात दाराशी एक रजिस्टर असायचं, येणाऱ्याने नाव लिहून सही करायची, आणि पुढचा माणूस आधीची सगळी नावं आरामात वाचायचा. माझ्या दाराशी रजिस्टर नाही. दोन भेटींमध्ये अर्धा तास मोकळा ठेवते, म्हणजे जिन्यात कोणी कोणाला भेटत नाही. त्या दीड पानी अर्जाची प्रत मात्र खणातच आहे, कुणाला लागली तर घेऊन जा.