तीन कोटेशनं, एक कॉम्प्युटर

बारावीनंतर दोनेक वर्षं मी एका डीटीपी-झेरॉक्सच्या दुकानात कामाला होतो. दुकान जिल्हा परिषदेच्या गेटसमोरच, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक सरकारीच. जिल्हा सांगत नाही, कुठलाही धरा, फरक पडत नाही. एक पेंटियम, त्यात श्रीलिपी, एक डॉट मॅट्रिक्स आणि एक लेझर प्रिंटर ज्याच्यावर मालक मला हात लावू द्यायचे नाहीत, आणि बाहेर झेरॉक्सचं मशीन जे दिवसभर तापलेलंच असायचं.

तर एकदा शाळांसाठी पाण्याच्या पिंपांची खरेदी होती. स्टीलची पिंपं, नळ लावलेली. क्लार्क साहेब आले आणि तीन कोटेशनं टाईप करायला सांगितली, तीन वेगवेगळ्या फर्मची. लेटरहेड पण मीच बनवली, एकाला गणपती, एकाला "श्री", तिसऱ्याला काहीच नाही म्हणजे जरा मॉडर्न वाटेल. रेट त्यांनी चिठ्ठीवर लिहून आणलेले, कुणाचा सर्वात कमी येणार ते आधीच ठरलेलं. आणि खरी मजा म्हणजे चौथा कागद, तुलनात्मक तक्ता, जो लिफाफे उघडल्यावर कमिटीसमोर बनवायचा असतो, तो पण त्याच संध्याकाळी माझ्याकडूनच टाईप करून नेला. लिफाफे अजून चिकटवलेले पण नव्हते.

मी "स्टेनलेस" चं "स्टेनलस" केलं होतं. तिन्ही कोटेशनात. एकच मॅटर कॉपी करून फिरवलेलं, होणारच.

हे वर्षभराने ऑडिटला गेलं. मला कसं कळलं तर आक्षेपाचं उत्तर टाईप करायला तेच साहेब परत आले, हातात हाफ मार्जिनचा कागद. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऑडिटवाले कागदाच्या अर्ध्या भागात आक्षेप लिहितात आणि उरलेल्या अर्ध्यात ऑफिसनं खुलासा लिहायचा, म्हणून हाफ मार्जिन. मला वाटलं आता आपला "स्टेनलस" सापडला. आक्षेप काय होता? पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प नाही. साहेब हसले आणि म्हणाले, "पोरा, एक रुपयाचा स्टॅम्प लावायचा राहिला बघ, बाकी फाईल एक नंबर आहे." आणि खरंच होती की एक नंबर. तीन कोटेशनं, तक्ता, मंजुरी, डिलिव्हरी चलन, सगळं क्रमाने लावून, टॅगने बांधलेलं.

मग एका उन्हाळ्यात पीआरसीचा दौरा लागला. पीआरसी म्हणजे विधिमंडळाची पंचायत राज समिती, दोन्ही सभागृहांचे आमदार असतात तिच्यात, जिल्ह्यात येऊन झेडपीच्या खर्चाची तपासणी करते. ज्यांच्या घरात कोणी मास्तर किंवा ग्रामसेवक आहे त्यांना हा शब्द ऐकूनच घाम फुटतो. शाळांना रंग, आरोग्य केंद्रात नवीन चादरी, भाऊसाहेब लोक रात्री दोनला आमच्या दुकानात रांगेत. आम्ही तीन रात्री शटर ओढलं नाही. त्या रात्रींमध्ये मी ऑडिटच्या आक्षेपांचे जे पॅरे टाईप केले त्यातले कित्येक चार-चार पाच-पाच वर्षं जुने होते. ज्या साहेबाने खरेदी केली तो रिटायर, ज्याच्या सहीने बिल निघालं त्याची बदली दुसऱ्या जिल्ह्यात, आणि समितीसमोर उभा राहणार तो बिचारा तीन महिन्यांपूर्वी जॉईन झालेला. त्याचं उत्तर एकच, "सदर कालावधीत मी कार्यरत नव्हतो, अभिलेख शोधून सादर करण्यात येतील." हे वाक्य मी इतक्यांदा टाईप केलंय की झोपेत पण येईल.

त्यामुळे आता टीव्हीवर कोणी "विधिमंडळाच्या समित्या सरकारच्या तिजोरीवर नजर ठेवतात" असं बोललं की मला तो वास येतो, टोनरचा.

वरच्या पातळीवर पण फार वेगळं नाही असं माझं मत होत गेलंय. पैसे मंजूर होतानाच बघा. २०२३ च्या २३ मार्चला लोकसभेत सुमारे ४५ लाख कोटींचं बजेट गदारोळात, चर्चेशिवाय, काही मिनिटांत पास झालं. गिलोटिन म्हणतात त्याला, उरलेल्या सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या एकदम मताला टाकायच्या. आपल्याकडे २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. पुरवणी म्हणजे मूळ भाजीला वाढीव रस्सा असावा ना, इथे रस्सा पातेल्याएवढा झालाय. बजेट आणि पुरवणी एकाच अधिवेशनात, मग बजेट नक्की कशाचं मांडलं हे विचारायला कोणाला वेळ नाही.

आणि खर्च झाल्यावर कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकाचा, अहवाल. मुंबई महापालिकेच्या सुमारे १२ हजार कोटींच्या कामांचं स्पेशल ऑडिट झालं, तो अहवाल २५ मार्च २०२३ ला विधानसभेत मांडला. त्यात होतं की २० कामं, २१४ कोटींची, टेंडर न काढताच दिली. यात राजकारण नव्हतं असं मी म्हणणार नाही, सत्ता बदलल्यावरच ऑडिट लागलं हे शेंबड्या पोराला पण कळतं, पण आकडे तर खोटे नाहीत ना. आणि तारीख बघा, अधिवेशनाचा शेवटचा दिवस. हे आपल्याकडे कुठलंही सरकार असलं तरी ठरलेलं, कॅगचा अहवाल शेवटच्या दिवशी पटलावर, दुसऱ्या दिवशी पेपरात हेडलाईन, आणि आमदार तोवर गाडीत बसून मतदारसंघात.

नंतर तो जातो लोकलेखा समितीकडे. ही समिती कागदावर जबरदस्त आहे. दिल्लीतली १९२१ पासूनची, २२ खासदार, मंत्री सदस्य होऊ शकत नाही, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा असा प्रघात. खात्याच्या सचिवाला समोर बसवून साक्ष घेता येते. पण ती साक्ष बंद दाराआड. तिथे कोण काय बोललं, कोणी थातूरमातूर उत्तर दिलं, कोणी फाईल आणलीच नाही, हे ज्याचा पैसा आहे त्याला कळत नाही, अहवाल येतो तो गुळगुळीत होऊन आणि फार उशिरा. इंग्लंडमध्ये हीच समिती १८६१ पासून आहे आणि तिथल्या साक्षी आता कोणालाही घरबसल्या बघता येतात. आपण त्यांच्याकडून समिती घेतली, दार उघडं ठेवायचं तेवढं राहिलं. सभागृहातला गोंधळ लाईव्ह दाखवतात आणि साक्ष लपवतात, उलटं पाहिजे खरं तर.

बंद दारावरून आठवलं, मे २०२५ मध्ये धुळ्याला विधिमंडळाची अंदाज समिती, म्हणजे सरकारी खर्चाचे अंदाज तपासणारी, दौऱ्यावर होती तेव्हा गुलमोहर विश्रामगृहातल्या १०२ नंबरच्या खोलीत १ कोटी ८४ लाखांच्या आसपास रोकड सापडली. माजी आमदार अनिल गोटे त्या खोलीबाहेर तासन्तास ठाण मांडून बसले होते, शेवटी रात्री कुलूप तोडलं. समितीच्या अध्यक्षांनी आपला संबंध नाही म्हणून सांगितलं, सरकारने एसआयटी नेमली. पैसे कोणाचे ते मी ठरवणार नाही. पण ती बातमी वाचून आमच्या दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एकाला पण आश्चर्य वाटलं नसणार, दौऱ्याच्या वेळी वर्गणीची कुजबुज ते रांगेत उभे राहून करायचेच की.

कोणी म्हणेल आता सगळं ऑनलाईन झालंय. झालंय की! सरकारी खरेदीचं जेम पोर्टल २०१६ ला आलं, ई-टेंडर त्याच्या आधीपासून. पण २०१९ च्या जानेवारीत छत्तीसगडच्या विधानसभेत कॅगचा जो अहवाल आला तो मी दोनदा वाचला, एवढं मला त्यात घरच्यासारखं वाटलं. तिथे ऑडिटवाल्यांनी कागद बघितलेच नाहीत, कोण कुठल्या मशीनवरून लॉगिन झालं ते तपासलं. ७४ कॉम्प्युटर असे निघाले की टेंडर काढणारे अधिकारी पण त्यावरूनच आणि भरणारे ठेकेदार पण त्यावरूनच. अशी १,९२१ टेंडरं, ४,६०१ कोटींची. म्हणजे आमचं दुकानच की, फक्त मोठं. हे पहिलं ऑडिट मी पाहिलं ज्याने स्टॅम्प सोडून "स्टेनलस" शोधला.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा दुकानात डोकावलो. मालक थकलेत, पोरगा बघतो आता. बोर्डावर लिहिलंय, "ई-टेंडर, जेम रजिस्ट्रेशन, डिजिटल सिग्नेचर करून मिळेल." चहा सांगितला. टेबलावर सोनपापडीचा रिकामा डबा आणि त्यात पेनड्राईव्हसारखे दिसणारे डिजिटल सहीचे टोकन, मी गप्पा मारता मारता मोजले, अकरा. प्रत्येकाला पांढरी पट्टी चिकटवून त्यावर बॉलपेनने फर्मचं नाव, म्हणजे कोणाची सही कुठली ते घाईत चुकायला नको. त्यातल्या एका फर्मचं नाव वाचून मी जरा थांबलो, गणपतीचं लेटरहेड तिचंच होतं.